शांतिसेनेच्या दवाखान्यात रक्त तपासताना

(विहाराच्या वर्धापनदिनी झालेल्या व्याख्यानाचे शब्दांकन. वक्ते सैन्याच्या वैद्यकीय विभागातून निवृत्त झालेले लॅब टेक्निशियन असून मूळचे लातूर जिल्ह्यातील व सध्या नांदेडला स्थायिक आहेत. बोलण्याची भाषा शक्यतो तशीच ठेवली आहे. – संपादक मंडळ)



मी काही वक्ता नाही. समितीचे दोन-तीन जण घरी आले आणि म्हणाले, "तुम्ही युनोच्या शांतिसेनेत आफ्रिकेला जाऊन आलात, त्यावर बोला." मी म्हणालो, अहो, तिथे माझ्या हातात बंदूक फार कमी वेळा आली. माझ्या हातात होती सुई आणि काचेची पट्टी. ते म्हणाले, मग त्याच्यावर बोला. म्हणून उभा आहे. चुकलं तर पदरात घ्या.

आपल्या गल्लीत मला कोणी मेजरसाहेब म्हणतात, कोणी डॉक्टर म्हणतात. मी दोन्ही नाही. मी हवालदार म्हणून रिटायर झालो आणि माझं काम लॅब असिस्टंटचं. डॉक्टर पेशंटला पाहतात, मी पेशंटचा एक थेंब पाहतो. पुष्कळदा ज्याचं रक्त आहे त्याचा चेहराही मला दिसत नाही. नुसता नंबर असतो. पण त्या नंबरापुढे मी जे लिहीन त्यावर डॉक्टर औषध ठरवतात. एवढंच माझं काम, आणि एवढीच त्याची भीती.

या कामाकडे मी कसा वळलो ते थोडक्यात सांगतो. आमचं गाव औसा तालुक्यात. ३० सप्टेंबर १९९३ ची पहाट, ३ वाजून ५६ मिनिटं. इथे बसलेल्या पन्नाशीच्या पुढच्या माणसांना वेगळं सांगायला नको. किल्लारी, सास्तूर आणि आजूबाजूची गावंच्या गावं मातीत गेली. दहा हजारांच्या जवळपास माणसं मेली. दगड-मातीच्या जाड भिंती आणि वर माळवद, तेच अंगावर आलं. आमचं घर कुडाचं आणि पत्र्याचं, म्हणून आम्ही वाचलो. गरिबीचा असाही एक फायदा झाला म्हणायचा. मी तेव्हा सतरा वर्षांचा होतो. लष्कर आलं तेव्हा आम्ही पोरं त्यांना पाणी आणून द्यायचो, ढिगारे दाखवायचो. एका तंबूत डॉक्टरांची गर्दी असायची आणि कोपऱ्यात एक जवान खाली मान घालून दुर्बिणीत बघत बसलेला असायचा. बाहेर एवढी रडारड, आणि हा माणूस शांत. मला आधी त्याचा रागच आला. मी विचारलं, "तुम्ही काय करताय?" त्याने मला जवळ घेऊन दुर्बिणीत बघायला लावलं. मला काहीच दिसलं नाही, माझ्याच पापण्या दिसल्या. तो हसला आणि म्हणाला, "देखना सीखना पडता है."

बारावी सायन्स लातूरला केली आणि १९९५ ला भरती झालो. फौजेत जाणं आपल्याकडे नवीन नाही. १९४१ ला महार रेजिमेंट उभी राहिली तेव्हापासून किती घरांत फौजेची पेटी आहे ते तुम्हीच मोजा. १९९३-९४ मध्ये युनोच्या कामासाठी सोमालियात जी भारतीय ब्रिगेड गेली तिच्यातही महार रेजिमेंटची पलटण होती. मी मात्र आर्मी मेडिकल कोअरमध्ये गेलो. लखनौच्या केंद्रात ट्रेनिंग झालं, मग लॅबचं शिक्षण.

आता एक गोष्ट सांगतो, जी मी बरीच वर्षं घरातही सांगितली नव्हती.

नोकरीची पहिली काही वर्षं असतील. कोणत्या दवाखान्यात ते सांगत नाही, कारण चूक दवाखान्याची नव्हती, माझी होती. पावसाळा, हिवतापाचा हंगाम. दिवसभरात चाळीस-पन्नास स्लाइडी आलेल्या. संध्याकाळ झाली, मेसची वेळ झाली. शेवटची स्लाइड दुर्बिणीखाली घेतली. नियम असा आहे की जाड थेंबाच्या स्लाइडमध्ये कमीत कमी शंभर फील्ड पाहायची. फील्ड म्हणजे दुर्बिणीत एका वेळेला जेवढा गोल दिसतो तेवढा. शंभर गोल पाहून झाले आणि काही सापडलं नाही, तरच 'निगेटिव्ह' लिहायचं. मी पंचवीस-तीस पाहिली. स्वच्छ होती. मी लिहिलं, 'मलेरियाचे जंतू दिसले नाहीत.' सही केली आणि जेवायला गेलो.

दुसऱ्या रात्री तो जवान बेशुद्ध पडला. हिवताप मेंदूत गेला होता. तो वाचला, पण पंधरा-वीस दिवस त्याला स्वतःचं नाव नीट सांगता येत नव्हतं. आमच्या लॅबला एक जुने हवालदार होते. त्यांनी मला एक शब्द वाईट बोलला नाही. पेटीतून ती स्लाइड काढली (स्लाइड लगेच फेकायची नसते, ठेवून द्यायची असते, ती याचसाठी), दुर्बिणीखाली लावली आणि मला म्हणाले, "बैठ, गिन." मी मोजत बसलो. साठाच्या पुढे एका फील्डमध्ये दिसली. बारीक अंगठी, तिच्यावर एक लाल ठिपका. मग पुढे आणखी एक. त्यांनी विचारलं, "काल किती पाहिली होतीस?" मी खरं सांगितलं. ते उठून गेले. त्यांनी वर काय सांगितलं मला माहीत नाही, पण मला शिक्षा झाली नाही. शिक्षा झाली असती तर बरं झालं असतं असं मला पुढे कितीतरी वेळा वाटलं.

मंडळी, लोक 'पॉझिटिव्ह' या शब्दाला घाबरतात. लॅबवाल्याने घाबरायचं ते 'निगेटिव्ह'ला. पॉझिटिव्ह लिहिताना वस्तू डोळ्यासमोर असते, ती दाखवता येते. निगेटिव्ह लिहिताना आपण म्हणतो की नाही, काहीच नाही. 'काहीच नाही' म्हणायला तुम्ही सगळीकडे पाहिलेलं पाहिजे. ही गोष्ट डोक्यात घेऊन मी पुढची नोकरी केली आणि तीच घेऊन २०१३ च्या ऑगस्ट महिन्यात दक्षिण सुदानला गेलो.

युनोच्या शांतिसेनेबद्दल दोन शब्द सांगतो, नाहीतर लेकरं म्हणतील काकांनी युनोचं काहीच सांगितलं नाही. १९४८ पासून हे काम चालू आहे. युनोची स्वतःची फौज नसते. देश आपापले जवान देतात आणि डोक्यावर निळी टोपी येते. भारत यात सुरुवातीपासून आहे, आणि आपला पहिला मोठा सहभाग लढणाऱ्या पलटणीचा नव्हता, डॉक्टरांचा होता. १९५० ला कोरियाच्या युद्धात आपली ६० पॅरा फील्ड अँब्युलन्स गेली, लेफ्टनंट कर्नल रंगराज यांच्या हाताखाली. म्हणजे आमच्याच कोअरची माणसं. आजपर्यंत पन्नासच्या आसपास मोहिमांत आपले लोक गेले आणि सुमारे १८० जण परत आले नाहीत. १९९४ मध्ये सोमालियात बैदोआ इथे आपले तीन डॉक्टर मारले गेले. मी जाण्याच्या काही महिने आधी, एप्रिल २०१३ मध्ये, दक्षिण सुदानच्या जोंगलेई भागात आपले पाच जवान शहीद झाले होते. त्यामुळे निघताना माझ्या मायने विचारलं, "तिथं लढाई हाय का?" मी म्हणालो, "नाही माय, शांतीचं काम हाय." ती म्हणाली, "मग फौज कशाला पाठवतात?" या प्रश्नाचं उत्तर मला आजही नीट देता येत नाही.

दक्षिण सुदान हा देश ९ जुलै २०११ ला झाला. मलाकाल नावाचं गाव, श्वेत नाईल नदीच्या काठावर. तिथे भारताचा 'लेव्हल टू' दवाखाना होता. युनोत दवाखान्यांच्या पायऱ्या असतात. पहिली म्हणजे पलटणीचा डॉक्टर आणि मलमपट्टी. दुसरी म्हणजे आमची : दिवसाला तीन-चार ऑपरेशनं, वीस खाटा, चाळीस बाहेरचे पेशंट, आणि लॅबमध्ये वीस तपासण्या. तिसऱ्या पायरीला हे सगळं दुप्पट-तिप्पट. त्याच्या पुढचे पेशंट विमानाने दुसऱ्या देशात. हे कागदावर. दिवसाला वीस तपासण्या असं ज्याने लिहिलं, त्याने मलाकालचा पावसाळा पाहिलेला नसावा.

विमानातून उतरलो आणि पहिली गोष्ट काय दिसली सांगू? काळी माती. आपल्या गोदाकाठासारखी, मांजराकाठासारखी काळीभोर. पाऊस पडला की बुटाला किलो-किलो चिकटणारी, आणि उन्हात हात घालता येईल एवढ्या भेगा पडणारी. आमच्याबरोबरचे पंजाब-हरियाणाचे जवान वैतागून गेले. गाड्या फसायच्या, धावपट्टीवर चिखल झाला की विमान येत नसे. मी मात्र मनात म्हणालो, घरीच आलो. आणि दुसरं नवल म्हणजे ज्वारी. तिथल्या लोकांचं मुख्य अन्न ज्वारीच. जाणकार सांगतात की ज्वारी मुळात तिकडचीच, सुदानच्या बाजूची, हजारो वर्षांपूर्वी तिथून आपल्याकडे आली. ते पीठ आंबवून तव्यावर पातळ धिरड्यासारखी भाकरी करतात, तिला किसरा म्हणतात. आमच्याकडे सफाईला येणाऱ्या एका बाईला मी हातावर थापून भाकरी करून दाखवली. ती इतकी हसली की तिने आणखी चार बायका बोलावून आणल्या. भाकरी मोडली होती, ते सांगायचं राहिलं.

आमची लॅब म्हणजे एक लोखंडी कंटेनर. आत एक दुर्बीण, रक्त फिरवायचं सेंट्रिफ्यूज यंत्र, साखर-युरिया तपासायचं छोटं यंत्र, एक फ्रीज आणि मी आणि माझा एक जोडीदार. वीज जनरेटरची. फ्रीजमध्ये दोन ते आठ डिग्रीत ठेवायची रसायनं, ती गेली तर पुढचा माल कधी येईल ते आभाळावर. रात्री जनरेटरचा आवाज बदलला तरी मी उठून बसायचो. बाकी जवान बॉम्बच्या आवाजाने उठत, मी शांततेने उठत असे.

बारीकसारीक गोष्टीच फार त्रास देतात. जाड थेंबाची स्लाइड वाळायला ठेवली की माशा येऊन ती खाऊन टाकायच्या. खोटं नाही सांगत. पेशंटचं रक्त माशीच्या पोटात, आणि काचेवर नुसती नक्षी. मग मच्छरदाणीच्या कापडाची एक पेटी शिवली आणि तिच्यात स्लाइडी वाळवायला लागलो. दुसरं म्हणजे पाणी. रंग चढवायला जे पाणी वापरतात त्यात आम्लपणा जरा जास्त झाला तरी जंतू रंगच घेत नाही. जंतू असतो, पण दिसत नाही. म्हणजे पुन्हा तोच खोटा निगेटिव्ह! म्हणून रोज सकाळी पहिली स्लाइड मी एका जुन्या, खात्रीच्या पेशंटच्या रक्ताची रंगवायचो. तिच्यात जंतू नीट दिसला तरच दिवस सुरू. जोडीदार म्हणायचा, "उस्ताद, टाइम खराब होता है." होऊ दे.

हिवताप तिथला राजाच. आपल्याकडे थंडी-ताप येऊन जातो तो नव्हे, तर तोच मेंदूत जाणारा, फाल्सिपेरम जातीचा. आम्हा सगळ्यांना आठवड्याला एक प्रतिबंधक गोळी असायची. ती घेतल्यावर वाईट स्वप्नं पडतात म्हणून काही जवान ती गुपचूप टाकून द्यायचे. मग ताप आला की सांगायचे, घेतली होती साहेब. आणि अर्धवट गोळ्या घेतलेल्या माणसाच्या रक्तात जंतू फार थोडे असतात, सापडतच नाहीत. अशा वेळी मी शंभरवर थांबायचो नाही. दोनशे पाहायचो, आणि बारा तासांनी पुन्हा बोट टोचायचो. जवान शिव्या द्यायचे. देऊ देत.

इथे एक आठवण. हिवताप डासामुळे पसरतो, ही गोष्ट कुठे सिद्ध झाली माहीत आहे? आपल्या जवळच. नांदेडहून गाडीत बसलं की सिकंदराबाद. तिथे २० ऑगस्ट १८९७ ला रोनाल्ड रॉस या लष्करी डॉक्टरला डासाच्या पोटात हिवतापाचा जंतू सापडला. त्याला पेशंट मिळत नव्हते म्हणून हुसेन खान नावाच्या एका आजारी माणसाला डास चावून घ्यायचा एक आणा द्यायचा. दहा डास चावले, दहा आणे झाले. रॉसला १९०२ मध्ये नोबेल मिळालं. नांदेड तेव्हा निजामाच्याच राज्यात, म्हणजे हे आपल्याच मुलखात घडलं. हुसेन खानचं पुढे काय झालं, ताप उतरला का, कोणी लिहून ठेवलेलं मी वाचलेलं नाही. रक्त देणाऱ्याचं नाव तरी राहिलं, हेच पुष्कळ.

म्हाताऱ्या मंडळींना एक शब्द आठवत असेल, नारू. माझ्या आजीच्या नडगीवर नारूचा वण होता. बारवेचं पाणी प्यायल्याने पोटात जायचा, आणि वर्षभराने पायातून हातभर दोऱ्यासारखा बाहेर यायचा. काडीला गुंडाळत-गुंडाळत रोज थोडा ओढायचा. तुटला तर पाय सुजून माणूस महिनाभर खाटेवर. आपल्या लोकांना तर बारवेची पायरीही उतरू देत नसत, वरून कोणी ओतील ते पाणी, नाहीतर ओढ्याचं. आजी म्हणायची, "पाणी त्यांचं आन् नारू आमचा." आपल्या देशात नारूचा शेवटचा रुग्ण १९९६ मध्ये सापडला आणि २००० मध्ये भारत नारूमुक्त झाला. २०१३ साली साऱ्या जगात नारूचे फक्त १४८ रुग्ण होते, त्यातले ११३ दक्षिण सुदानात. औषध नाही, लस नाही. नुसतं पाणी कपड्याने गाळून पिणं आणि नारू निघालेल्या माणसाने पाण्यात पाय न घालणं, एवढ्यावर तो रोग हटत आला. तिथे तो फडक्याचा गाळणा पाहिला की मला आजीचा पाय आठवायचा.

डिसेंबर २०१३. राजधानी जुबात १५ तारखेला लढाई सुरू झाली, राष्ट्राध्यक्ष आणि आधीचे उपराष्ट्राध्यक्ष यांच्या फौजांची. पाहता-पाहता ती दिन्का आणि नुएर या दोन जमातींची झाली. १९ डिसेंबरला अकोबो इथल्या युनोच्या छोट्या तळावर आसऱ्याला आलेल्या लोकांना मारायला जमाव घुसला, त्यात आपले दोन जवान शहीद झाले. नाताळच्या आदल्या दिवशी लढाई मलाकालला आली. तळाच्या फाटकाशी हजारो माणसं. डोक्यावर गाठोडी, पाठीला लेकरं, म्हाताऱ्यांना खाटेसकट उचलून आणलेलं. फाटक उघडलं. काही दिवसांत वीस हजारांच्या आसपास माणसं आमच्या शेजारी चिखलात राहायला लागली. पुढच्या दोन-तीन महिन्यांत ते शहर अनेकदा या हातातून त्या हातात गेलं. फेब्रुवारीत शहरातल्या मोठ्या रुग्णालयात पेशंटना खाटेवरच गोळ्या घातल्या गेल्या.

मी त्या दिवसांचं फार वर्णन करणार नाही, इथे लेकरं बसली आहेत. ऑपरेशनच्या टेबलावरून डॉक्टर उठत नव्हते. दिवसाला तीन-चार ऑपरेशनांचा दवाखाना आमचा. आणि माझं काम एकदम बदललं. आता कोणी ताप विचारत नव्हतं, सगळे रक्त मागत होते. कोणाचा गट कोणता, कोणाशी जुळतो, देणाऱ्याला एड्स, कावीळ, गुप्तरोग, हिवताप आहे का, हे सगळं बघायचं आणि तेही लवकर. दारात डॉक्टर उभे, मागे नातेवाईक उभे. बाहेर गोळ्यांचा आवाज. अशा वेळी सगळ्यात सोपं काय असतं? जुळवणीची शेवटची पायरी गाळणं. पंधरा-वीस मिनिटं वाचतात. मी एकदाही गाळली नाही असं छातीवर हात ठेवून सांगतो, पण गाळावीशी वाटली नाही असं नाही सांगणार. एकदा एक सर्जन ओरडले, "अजून किती वेळ?" मी म्हणालो, "सर, बारा मिनिटं." ते म्हणाले, "तोवर तो मरेल." मी म्हणालो, "सर, चुकीचं रक्त दिलं तरी मरेल." हवालदाराने कर्नलला असं बोलायचं नसतं. ते निघून गेले, आणि बाराव्या मिनिटाला स्वतः बाटली न्यायला आले.

एका पोराला पोटात गोळी लागली होती. त्याचा थोरला भाऊ बरोबर, पण त्याचं रक्त जुळलं नाही. दुसऱ्या एकाचं जुळलं, तो कॅम्पातलाच. बाटली घेऊन निघालो तेव्हा भावाने माझा हात धरला आणि काहीतरी विचारलं. दुभाष्या गप्प. मी म्हणालो, काय म्हणतोय? दुभाष्या म्हणाला, तो विचारतोय, हे रक्त कोणाचं आहे. आता त्याला गट विचारायचा होता की जमात, मला कळलं नाही. दुभाष्याला कळलं होतं, पण तो सांगेना, नुसता माझ्याकडे बघत राहिला. मी म्हणालो, "ओ पॉझिटिव्ह." त्याने ते भाषांतर केलं की आणखी काही सांगितलं, देव जाणे. भावाने हात सोडला.

देव जाणे म्हणालो, भंतेजी माफ करा. जुनी सवय आहे.

आणखी एका लेकराचं सांगतो आणि मग आवरतं घेतो. सात-आठ वर्षांची मुलगी. महिनाभर ताप, अंगावर मांस नाही, पोट मात्र पुढे आलेलं, पाणथरी वाढलेली. हिवतापाच्या स्लाइडी तीन वेळा पाहिल्या, नाही. डॉक्टरांना काळ्या आजाराची शंका आली. हा आजार आपल्याकडे बिहारात, तिकडे त्या नाईलकाठात. १९८४ ते ९४ मध्ये तिथे त्याची साथ आली तेव्हा लाखभर माणसं गेली असा अंदाज आहे. याची तपासणी करायची एक पट्टी असते, थेंब टाकला की दहा मिनिटांत रेघ उमटते. मी पट्टी लावली. एकच रेघ. म्हणजे निगेटिव्ह.

माझं काम तिथे संपत होतं. पण मला माहीत होतं की ही पट्टी बिहारातल्या पेशंटवर जेवढी खरी ठरते तेवढी सुदानच्या बाजूला ठरत नाही. तिकडे कितीतरी आजारी माणसं तिच्यातून निसटतात. रिपोर्टात पट्टी निगेटिव्ह असंच लिहिलं, कारण जे दिसलं तेच लिहायचं. पण कागद घेऊन स्वतः डॉक्टरांकडे गेलो आणि म्हणालो, साहेब, या निगेटिव्हवर जाऊ नका. त्यांनी ऐकलं. तिला काळ्या आजारावर उपचार करणाऱ्या लोकांकडे पाठवलं. पुढे काय झालं मला कळलं नाही. त्या गर्दीत कोण कुठे गेलं हे कोणालाच कळत नव्हतं. तिचं नाव मी रजिस्टरात लिहिलं होतं, ते अजून आठवतं.

वर्ष संपलं. छातीवर युनोचं पदक आलं. नव्वद दिवस पूर्ण केले की ते सगळ्यांनाच मिळतं, त्यात माझा पराक्रम काही नाही. लेकरांनी पाहायला मागितलं आहे म्हणून आणलं आहे.

रिटायर होऊन नांदेडला आलो तेव्हा एका खाजगी लॅबमध्ये काम मिळालं. नाव घेत नाही. पगार बरा होता. चौथ्या-पाचव्या दिवशी मालक म्हणाला, "काका, एवढं बारीक बघत बसू नका. जे नेहमीचे नॉर्मल असतात त्यांचे आकडे अंदाजाने टाकून द्या." मला आधी वाटलं गंमत करतोय. मग मी पाहिलं, काही नमुने सरळ बेसिनमध्ये ओतले जात होते आणि रिपोर्ट छापून निघत होते. सुबक, रंगीत, फाइलमध्ये घातलेले. मलाकालच्या कंटेनरमध्ये, माशांत आणि गोळ्यांच्या आवाजात मी जे केलं नाही ते इथे पंख्याखाली बसून करायचं होतं. आठव्या दिवशी मी घरी बसलो. बायको म्हणाली, "आता काय?" तिचंही खरं होतं, धाकट्याची फी भरायची होती.

सगळेच लॅबवाले असे नसतात, उलट बहुतेक जण प्रामाणिक आहेत, हे मी हात जोडून सांगतो. पण तुम्ही विचारत जा. रिपोर्टवर सही कोणाची आहे, ते पॅथॉलॉजिस्ट तिथे कधी येतात का, विचारा. रक्त देऊन पाच मिनिटांत दहा तपासण्यांचा कागद हातात आला तर दुसरीकडे एकदा पुन्हा तपासा. विचारायला पैसे पडत नाहीत.

आणि पालकांना एक विनंती. लातूर पॅटर्नच्या नादात घरोघरी एकच चाललं आहे, लेकरू डॉक्टर झालं पाहिजे. नाही लागला नंबर की घरात सुतक. माझ्या शेजारच्या मुलीचं असंच झालं. चार महिने ती कोणाशी बोलली नाही. बारावी सायन्सनंतर लॅबचा डिप्लोमा आहे, नाशिकच्या आरोग्य विद्यापीठाची पॅरामेडिकलची पदवी आहे. तिला मी स्लाइड रंगवायला शिकवली. परवा ती म्हणाली, "काका, मला दिसलं." काय दिसलं? "अंगठी, त्याच्यावर ठिपका." मी विचारलं, कितव्या फील्डला? तिने मोजलंच नव्हतं. म्हटलं, बस, पुन्हा मोज.

बोलणं फार लांबलं, खिरीचा वासही येतो आहे. बाहेरच्या व्हरांड्यात टेबलावर माझी जुनी दुर्बीण मांडून ठेवली आहे, खाली हिवतापाची एक जुनी, पक्की केलेली स्लाइड लावली आहे. लहान लेकरं आधी, मोठ्यांनी मागे थांबायचं. डोळा काचेला चिकटवू नका, नाहीतर स्वतःच्याच पापण्या दिसतील. फोकस मी लावून ठेवला आहे, मोठं बटण कोणी फिरवू नका, काच फुटते. जयभीम.